तार पोचली, पुढे काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून घारापुरीची लाँच सुटली की तासाभराचा प्रवास असतो. अंतर म्हणाल तर जेमतेम दहा किलोमीटर. या तासाभरात डाव्या हाताला तुर्भ्याच्या वीज केंद्राची उंच धुराडी दिसतात आणि समोर न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या अजस्र क्रेन दिसतात. आपण बेटावर उतरतो, पायऱ्या चढतो, महेशमूर्तीसमोर काही वेळ गप्प उभे राहतो आणि संध्याकाळच्या लाँचने परत येतो. पर्यटकांना बेटावर मुक्काम करायला परवानगी नाही. त्यामुळे एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलीच नाही, ती म्हणजे शेवटची लाँच गेल्यानंतरची घारापुरी.

या बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन छोटी गावं आहेत. वस्ती हजार-बाराशेच्या घरात. तालुका उरण, जिल्हा रायगड. याच उरण तालुक्यात १९८२ पासून वायूवर चालणारं वीज केंद्र आहे, ६७२ मेगावॅट क्षमतेचं. समोरच्या मुंबईला तर टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ सालीच जलविद्युत मिळू लागली. म्हणजे बेटावरच्या माणसाने अंगणात उभं राहून पाहिलं तर आकाश उजेडाने लाल झालेलं आणि घरात मात्र रॉकेलची चिमणी. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण सहज वापरतो. घारापुरीची माणसं ती सत्तर वर्षं जगली. बेटावर महावितरणची वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी.

त्याआधी अगदीच काही नव्हतं असं नाही. पर्यटन महामंडळाचा डिझेल जनरेटर होता. संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू व्हायचा आणि तीनेक तासांनी बंद. या तीन तासांत काय काय उरकायचं याचा हिशेब तिथल्या प्रत्येक घराला पाठ. मोबाइल चार्ज करणं, मुलांचा अभ्यास, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं त्यातच. फ्रिज घेऊन उपयोग नाही, कारण तीन तासांच्या विजेवर फ्रिजमध्ये दूधसुद्धा टिकत नाही. मासळी आणणाऱ्याला बर्फ हवा तर तो किनाऱ्यावरून आणा, आणि तो घरी पोचेपर्यंत निम्मा वितळलेला. रात्री कोणी आजारी पडलं तर बॅटरीच्या उजेडात धक्का गाठा.

मग समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकली गेली. २२ किलोव्होल्टची. सव्वा वर्ष काम चाललं, सुमारे २५ कोटी रुपये खर्च आला. तिन्ही बंदरांत ट्रान्सफॉर्मर बसले, दोनशेच्या आसपास घरांना मीटर मिळाले, उंच खांबांवर एलईडी दिवे लागले. भागाकार केला तर एका जोडणीमागे साडेबारा लाख रुपये पडले. त्या वेळी काही जण म्हणालेही की एवढ्याशा वस्तीसाठी इतका खर्च कशाला. माझं याबाबत मत स्वच्छ आहे. खर्च योग्यच होता आणि फार उशिरा झाला. पण आजचा माझा विषय तो नाही.

विषय असा की वीज येणं आणि वीज टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो. दुसरीचं उद्घाटन करता येत नाही. ती रोज सांभाळावी लागते. आणि पाण्याने वेढलेल्या दूरच्या वस्तीत ती सांभाळणं शहरापेक्षा कितीतरी अवघड असतं.

असं पाहा. मुंबईत किंवा पुण्यात तुमच्या भागाला वीज देणारी एखादी वाहिनी बिघडली तर दुसरीकडून वीज फिरवून देता येते. तासा-दोन तासांत दिवे लागतात, आपण थोडी कुरकुर करतो आणि विसरून जातो. बेटाला मात्र मार्ग एकच. समुद्रातली केबल म्हणजे काही घरातली वायर नव्हे. आत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार, तिच्याभोवती प्लास्टिकच्या जातीचं जाड आवरण, पाणी आत शिरू नये म्हणून आणखी थर आणि सगळ्यांवर पोलादी तारांचं चिलखत. बऱ्याच ठिकाणी तीन फेजच्या तीन केबल आणि सोबत एक राखीव असंही करतात. पण राखीव केबल शेजारीच पडलेली असेल तर घसटत येणारा जहाजाचा नांगर एकच केबल निवडून तोडेल, असं थोडंच आहे?

जगभर समुद्राखालच्या केबलींचा सगळ्यात मोठा शत्रू मासा नाही, भूकंप नाही. माणसाचा नांगर आणि माणसाचं जाळं हेच शत्रू. घारापुरीच्या भोवतालचं पाणी देशातल्या सर्वांत गजबजलेल्या पाण्यांपैकी एक. एका बाजूला मुंबई बंदर, दुसऱ्या बाजूला जवाहरलाल नेहरू बंदर, मधून लाँच, बार्ज, मच्छीमारांच्या होड्या. तळाला मऊ गाळ. या गाळात केबल पुरता येते हा फायदा. पण त्याच गाळात नांगर खोल रुततो, हाही त्याच गाळाचा गुण.

केबल तुटली तर काय होतं? आधी कुठे तुटली ते शोधायचं. त्याची पद्धत मोठी गमतीची आहे. किनाऱ्यावरून केबलमध्ये विजेचा एक छोटा ठोका सोडतात. जिथे तुटलेलं असतं तिथून तो आपटून परत येतो, डोंगरावरून हाक परत यावी तसा. जाऊन येण्यात किती वेळ गेला त्यावरून अंतर काढतात. साडेसात किलोमीटर जाऊन परत यायला या ठोक्याला सेकंदाच्या एक लाख भागांपैकी साधारण नऊ भाग पुरतात. म्हणजे जागा सापडायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पुढे. त्या जागी बार्ज उभा करायला, पाणबुडे उतरवायला, केबल वर उचलायला, सांधा करणारे कुशल कारागीर आणायला आणि सांध्याचं सामान मिळवायला. भरती-ओहोटीच्या वेळा पाळायच्या. आणि हे सगळं जून ते सप्टेंबरमध्ये करायची वेळ आली तर समुद्र तुमचं ऐकत नाही.

याचं एक मोठं उदाहरण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. झांझिबार हे नाव आपल्याकडे लवंगांमुळे ओळखीचं. त्याच्या मुख्य बेटाला टांझानियाच्या भूमीवरून १९८० मध्ये टाकलेल्या समुद्री केबलने वीज मिळत होती. २००८ च्या मे महिन्यात पुरवठा खंडित झाला तो महिनाभर. तेवढ्यावर जाग यायला हवी होती. पण १० डिसेंबर २००९ ला पुन्हा बेट अंधारात गेलं आणि या वेळी मार्च २०१० पर्यंत, म्हणजे तब्बल तीन महिने, अंधारातच राहिलं. लाखो लोकांची वस्ती, मोठमोठी हॉटेलं, रुग्णालयं. विजेबरोबर पाणीही गेलं, कारण पाण्याचे पंप विजेवर. ज्यांची ऐपत होती त्यांनी जनरेटर घेतले. ज्यांची नव्हती त्यांनी विहिरी गाठल्या. (२००८ च्या त्या महिन्याचा अभ्यास करणाऱ्या एका अर्थशास्त्रज्ञाला असं आढळलं की नऊ-दहा महिन्यांनी तिथल्या जन्मांची संख्या वाढली होती. अंधाराचे परिणाम नेहमी आपण धरतो तेवढेच नसतात!) पुढे २०१३ मध्ये झांझिबारला दुसरी, जास्त क्षमतेची केबल मिळाली. पहिली कधीतरी थकणार हे तीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं. पण वीज नीट चालू असताना दुसऱ्या केबलसाठी पैसे मागायला गेलं, तर पैसे देणारा विचारतो, अहो, आता चालू आहे ना? मग?

हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो, आणि तो वेगळ्या कारणाने विचारला जातो. वीजपुरवठा किती भरवशाचा आहे हे मोजायची एक मान्य पद्धत आहे. वर्षभरात सरासरी प्रत्येक ग्राहकाची वीज किती वेळ गेली, हे ते माप. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. आता एक हिशेब करू. समजा एखाद्या विभागात एक लाख ग्राहक आहेत आणि त्यातले दोनशे बेटावर राहतात. बेटाची वीज सलग सात दिवस गेली. सात दिवसांचे १६८ तास, गुणिले दोनशे, झाले ३३ हजार ६०० तास. त्याला एक लाखाने भागा. उत्तर येतं वीस मिनिटं. बेटावर आठवडाभर काळोख आणि अहवालात वीस मिनिटं! तेवढी भर तर शहरातल्या एखाद्या जळक्या ट्रान्सफॉर्मरनेही पडते. कोणी खोटं लिहिलेलं नसतं. सरासरी काढली की लहान वस्ती आपोआप अदृश्य होते. म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आणि बिनखर्चाची आहे. बेटं, खाड्यांपलीकडची गावं, धरणांच्या फुगवट्यामागे अडकलेल्या वाड्या यांचा हिशेब वेगळ्या रकान्यात ठेवा. सलग सर्वांत लांब किती तास वीज गेली, एवढा एक आकडा त्या रकान्यात लिहा. तो आकडा दिसला की काम करावंसं वाटतं.

समुद्राखालच्या केबलबद्दल मी इतकं बोललो म्हणून सगळे बिघाड समुद्रातच होतात असं समजू नका. किनाऱ्यावरची लाइट बहुतेक वेळा जमिनीवरच जाते. समुद्रात शिरण्याआधी वीज कुठल्या तरी खांबांवरून, झाडांमधून, उपकेंद्रातून आलेली असते. कोकणातल्या माणसाला एक अनुभव दरवर्षी येतो. मे अखेरीस पहिली बारीक सर पडते आणि लाइट जाते. लोक म्हणतात, एवढ्याशा पावसाला घाबरते तुमची लाइन! पण कारण पावसाचा जोर हे नसतं, उलट पाऊस कमी पडला हेच असतं. खांबावर तारा पेलणारे चिनी मातीचे इन्सुलेटर असतात. सात-आठ महिने समुद्रावरचा खारा वारा त्यांच्यावर मिठाचा पातळ थर चढवतो. थर कोरडा असेपर्यंत ठीक. बारीक सर किंवा दाट धुकं आलं की मीठ ओलं होतं, त्यातून वीज वाहू लागते, ठिणग्या उडतात आणि उपकेंद्रातला स्विच पडतो. जोराचा पाऊस झाला की मीठ धुऊन जातं आणि मग तीच लाइन जुलैच्या मुसळधारेत तग धरते.

यावर उपाय नाहीत असं नाही. पावसाळ्याआधी इन्सुलेटर धुऊन घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ज्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळतं असे सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर बसवणं हा त्याहून टिकाऊ. त्यांच्या छत्र्यांची लांबी-रुंदीही किनाऱ्यासाठी वेगळी लागते. विजेला पृष्ठभागावरून जितकं लांब चालावं लागेल तितकं चांगलं. अतिखाऱ्या हवेसाठी दर किलोव्होल्टला ३१ मिलिमीटर असा जुना दंडक आहे. तारांच्या पोटात पोलादी गाभा असतो, तो खाऱ्या हवेत गंजतो. म्हणून किनाऱ्यावर पूर्ण ॲल्युमिनियम मिश्रधातूची तार वापरावी. यातलं काहीही नवं नाही. अडचण अशी की खरेदीच्या निविदेत समुद्राकाठचं गाव आणि घाटावरचं गाव एकाच यादीत असतं. देशावर वीस वर्षं टिकणारं सामान बंदरावर त्याच्या निम्मीही वर्षं काढत नाही.

आणि वादळं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलीकडे दापोलीपर्यंत हजारो खांब आडवे झाले. काही गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वायरमननी नारळी-पोफळीच्या पडलेल्या झाडांमधून वाट काढत खांब उभे केले, हे विसरता कामा नये. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं.

आता एक वेगळाच किस्सा. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते? मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांतले जनरेटर सुरू झाले, देशभर बातमी झाली. खरं तर मुंबईला अशा संकटातून वाचवण्यासाठी १९८१ पासून एक व्यवस्था आहे. बाहेरच्या जाळ्यात मोठा बिघाड झाला की शहराने स्वतःला जाळ्यापासून तोडून घ्यायचं आणि तुर्भे वगैरे जवळच्या केंद्रांच्या विजेवर आपल्यापुरतं चालू राहायचं. त्या दिवशी ती व्यवस्था अपुरी पडली, हा भाग वेगळा. पण या व्यवस्थेला इंजिनिअर काय म्हणतात माहीत आहे? आयलंडिंग. बेट होणं! शहर संकटात सापडलं की त्याने बेट व्हायचं आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं. आणि जे खरोखरचं बेट आहे, त्याची ही सोय कोणी करायची?

ही सोय एका बेटाने स्वतःच केली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचं बेट आहे. वस्ती शंभराच्या आसपास, म्हणजे आपल्या घारापुरीच्या दहाव्या हिश्शाएवढी. मुख्य भूमीची वीज तिथे कधी पोचलीच नाही. घरोघरी डिझेलचे जनरेटर, त्यांचा खडखडाट आणि धूर. १९९७ मध्ये रहिवाशांनी पैसे उभे करून बेटच विकत घेतलं. मग स्वतःची वीज कंपनी काढली आणि १ फेब्रुवारी २००८ पासून बेटाला चोवीस तास वीज मिळू लागली. शंभर किलोवॅटचं एक छोटं जलविद्युत केंद्र, त्याहून बारकी दोन, चार लहान पवनचक्क्या, सौर पॅनेल, एक दिवस पुरेल इतक्या बॅटऱ्या आणि अडीअडचणीला डिझेल. तारा जमिनीत पुरलेल्या, त्यामुळे वादळात खांब पडायचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात ऊन, हिवाळ्यात वारा आणि पाऊस. एक आटलं की दुसरं हाताशी.

पण मला त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग यंत्रांचा वाटत नाही, नियमाचा वाटतो. घराने एका वेळी पाच किलोवॅटपेक्षा जास्त वापरायचं नाही आणि दुकान-व्यवसायाने दहापेक्षा जास्त नाही. ओलांडलं की त्या घराची वीज बंद. ती परत सुरू करून द्यायला बेटावरचाच माणूस येणार आणि त्याचे पैसे मोजावे लागणार. देखभाल करणारेही बेटावरचेच. कोणी शेतकरी, कोणी आणखी काही, अर्धवेळ हे काम करणारे. बिघाड झाला तर दहा मैलांवरच्या भूमीवरून कोणी बोटीने येण्याची वाट पाहायची नाही.

मर्यादा सगळ्यांनी मान्य केली नाही तर काय होतं, तेही आपल्याच देशात दिसलेलं आहे. सुंदरबनातल्या सागर बेटावर १९९६ मध्ये कमलपूरला सौर वीज केंद्र उभं राहिलं. अवघं २६ किलोवॅटचं. पुढे अशी आणखी केंद्रं झाली. गावाच्या समित्यांनी ती चालवली. संध्याकाळी काही तास घरोघरी दिवे लागले, बाजार उशिरापर्यंत चालू राहू लागले. मग घरात टीव्ही आले, पंखे आले. यात लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वीज आल्यावर माणूस फक्त पुस्तकच वाचेल, अशी अपेक्षा कागदावर योजना आखणाऱ्यांनीच करावी. पण बॅटऱ्या थकल्या. आणि नदी ओलांडून मोठी तार आली, तेव्हा या केंद्रांची गरज संपली असं समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. मला सर्वांत मोठी चूक वाटते ती ही. मोठी तार आली म्हणजे गावातली छोटी व्यवस्था भंगारात काढायची नसते. तिचं काम बदलतं. आधी ती रोजची भाकरी होती, आता अडचणीच्या दिवसाचा शिधा व्हायला हवी.

घारापुरीसाठी हा शिधा किती लागेल, त्याचा ढोबळ हिशेब करून पाहू. केबल बंद पडलेल्या रात्री एका घराला काय लागेल? तीन एलईडी दिवे, कमी वीज खाणारे दोन पंखे, मोबाइलचं चार्जिंग. सगळं मिळून शंभर वॅट. दोनशे घरांचे वीस किलोवॅट. सगळे सगळं एकाच वेळी वापरत नाहीत, म्हणून दहा तासांच्या रात्रीला सुमारे १२० युनिट धरू. आरोग्याची सोय, रस्त्यावरचे थोडे दिवे आणि मासळीसाठी एखादी शीतपेटी यांचे वीस. झाले १४०. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, म्हणून ती १७५ युनिटांची घ्यावी. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला जानेवारी २०२४ मध्ये सौर प्रकल्पाबरोबर जी बॅटरी बसली, ती १४०० युनिटांची आहे. म्हणजे आपल्याला हवी ती तिच्या आठव्या हिश्शाची. हे काही आकाशातले तारे तोडून आणणं नव्हे.

एवढी बॅटरी रोज भरायला ४५ ते ५० किलोवॅटची सौर पॅनेल लागतील. त्यांना पाचेक हजार चौरस फूट जागा हवी. लेण्यांच्या परिसरात बांधकामावर कायद्याने निर्बंध आहेत, संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट. ते योग्यच आहे. महेशमूर्तीच्या डोक्यावर पॅनेल कोणालाच नकोत. पण शाळेचं, ग्रामपंचायतीचं, बंदरांतल्या घरांचं छप्पर आहे. एरवी या पॅनेलची वीज वापरात येऊन गावाचं बिल कमी होईल. केबल बंद पडली की तीच गावाला सावरेल. जुलैमध्ये ऊन निम्म्याहूनही कमी मिळतं, तेव्हा जोडीला छोटा डिझेल जनरेटर हवाच. एक लिटर डिझेलमध्ये तीन-साडेतीन युनिट वीज होते. म्हणजे पावसाळ्यातल्या एका रात्रीसाठी वीस-पंचवीस लिटर. आठवडाभराचा साठा एका पिंपात मावतो.

याच्या जोडीला आणखी दोन-तीन गोष्टी. केबलचा मार्ग नौकानयनाच्या नकाशांवर ठळक असावा आणि तिथे नांगर टाकणाऱ्या जहाजाला लगेच हटकलं जावं. मोठ्या जहाजांची जागा आता क्षणोक्षणी पडद्यावर दिसते, त्यामुळे हे अवघड नाही. तुटलेला भाग बदलायला पुरेल एवढी राखीव केबल आणि सांध्याचं सामान किनाऱ्यावरच्या गोदामात तयार असावं. बार्ज आणि पाणबुड्यांचा करार आधीच झालेला असावा. केबल तुटल्यावर निविदा काढायला बसलो तर दुरुस्तीच्या दिवसांपेक्षा कागदांचे दिवस जास्त होतात.

आणि माणूस. तोही बेटावरचा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद, मग किनाऱ्यावरचा लाइनमन कितीही तत्पर असला तरी तो येणार कसा? तिन्ही बंदरांतल्या दोन-दोन मुलामुलींना आयटीआयचं वायरमनचं शिक्षण द्यावं. फ्यूज घालणं, जंप तुटला तर ओळखणं, बॅटरीची निगा हे काम त्यांच्याकडे सोपवावं आणि त्याचा मोबदला द्यावा, मानधनाच्या नावाखाली चहापाणी नव्हे. लहान गावांसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापक ही कल्पना आपल्या सरकारने पूर्वीच मांडलेली आहे. बेटाइतकी तिची गरज दुसऱ्या कुठे असेल?

या मुलांना एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी शिकवायला हवी. केबल बंद पडल्यावर गावातला जनरेटर किंवा बॅटरी चालू करण्याआधी केबलकडचा मोठा स्विच उघडायचा आणि त्याला कुलूप लावायचं. नाहीतर गावातली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून २२ हजार व्होल्टची होते आणि पलीकडे दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात जाते. ज्याच्यासाठी आपण वाट पाहतोय त्याचाच जीव जायचा. शिवाय समुद्री केबल ही स्वतःच विजेचं एक लांबलचक साठवण असते. तिला भरत बसण्याइतकी ताकद गावातल्या छोट्या जनरेटरमध्ये नसते.

हे सगळं बसवलं तरी ते चालतं की नाही हे कळणार कसं? शहरातल्या इमारतींमध्ये आग विझवण्याची नळकांडी भिंतीला टांगलेली असतात आणि ती कशी वापरायची हे कोणालाच ठाऊक नसतं, तसं व्हायला नको. म्हणून एक सूचना. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. पर्यटक नाहीत, दुकानं थंडावलेली. मे महिन्यातला एखादा सोमवार ठरवावा. आधी तिन्ही गावांत दवंडी द्यावी. संध्याकाळी सहा वाजता केबलचा स्विच मुद्दाम उघडावा आणि सकाळी सहापर्यंत बेट स्वतःच्या विजेवर चालवावं. कुठल्या घराने पाण्याचा हीटर लावला, कुठली बॅटरी रात्री दोनलाच झोपली, कुलपाची किल्ली कोणाकडे होती आणि तो त्या दिवशी उरणला गेला होता का, हे सगळं त्या एका रात्रीत कळेल. मग ते दुरुस्त करायला पावसाळ्याआधीचे दोन-तीन आठवडे हातात राहतील.